सुट्टे

सॅकचा पट्टा खांद्यावर
बरोब्बर त्याच खळीत बसला
जिथं एकोणीस वर्षं तिकिटांच्या बॅगेचा बसायचा.
कराड डेपो. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं : खाजगी.
साहेब म्हणाले, कुणाचं लग्न?
म्हटलं, लग्न नाही, दुबई.
साहेब दोन दिवस हसत होते.

देऱ्यात, सोनारांच्या बाजारामागं,
एका खोलीत आठ पलंग, चार खाली चार वर.
मला खिडकीकडचा वरचा,
रात्रीचे चाळीस सांगितले, पस्तीसला तुटलं.
दिवसा त्यावरच मारिव्हिक झोपते, सेबू बेटावरची,
रात्रभर विमानतळाच्या फरशा पुसून येते.
मी उतरते, ती चढते.
उशी तेवढी ज्याची त्याची.
गादी कधी गार पडत नाही.
ती विचारते, गुड? मी म्हणते, गुड.
एवढ्यावर चाललंय आमचं बरं.
शुक्रवारी त्सेहाय पातेल्यात कॉफीच्या बिया भाजते
आणि धुराची घंटा वाजू नये म्हणून
नेपाळची दिलमाया छताखाली टॉवेल फिरवत उभी.

वहीतला हिशेब :
चहा एक. (करक म्हणतात. आपलं कडकच,
समुद्र ओलांडताना ड तेवढा भिजला.)
पराठा दोन.
पाणी मशिदीच्या भिंतीच्या नळाचं, दात शिवशिवतील असं, फुकट.
सगळ्यात उंच इमारत खालून बघितली.
मान धरली. तिचे वेगळे लावले नाहीत.

मेट्रोला ड्रायव्हरच नाही.
कंडक्टरचं तर नावच काढू नका.
कार्ड टेकवलं की फाटक उघडतं,
न दिसणारी एक बाई स्टेशनं सांगत राहते,
आधी अरबीत, मग इंग्रजीत,
तिचा घसा कधी बसत नाही.
सवयीनं मी डब्यातली माणसं मोजली.
छप्पन्न.
कुणाला सांगायचं, कळेना.

संध्याकाळी खाडीवर आले.
लाकडी होडी, अब्रा म्हणतात,
मधल्या खड्ड्यात एक माणूस, इंजिन आणि सुकाणू त्याच्याकडं,
आणि आठ आण्याचंसुद्धा तिकीट नाही.
माणसं येतात, नाणी हातात पडतात,
तो बघत नाही, नजर पलीकडच्या धक्क्यावर,
आवाजावरनं मोजतो.
मी ओळखलं. आपल्यातला.

पाचाची नोट पुढं केली.
त्यानं मान वर करून विचारलं, छुट्टा?
एकोणीस वर्षं हे मी लोकांना विचारलं,
पावसात, घाटात, यात्रेच्या गर्दीत, भांडून.
मला कुणी विचारलं नव्हतं.
लाजच वाटली.
रुमालाच्या गाठीतनं एक दिरहम काढून दिला.

मोफिझुल, बरिशालचा.
चार वर्षांत घरी गेला नाही.
पोरीचे दुधाचे दात फोनवर आले, फोनवरच पडले.
मी काय करते ते माझ्या हिंदीला सांगता येईना,
म्हणून बोटांनी हवेत तिकीट पंच केलं.
तो एवढा हसला की होडी हलली.
पुढच्या खेपेला पैसे घेईना.
म्हटलं, मी फुकट बसत नाही आणि बसवत नाही.

सहा खेपा मारल्या. सहा दिरहम.
पलीकडं काही काम नव्हतं, अलीकडंही नव्हतं.

शेवटच्या खेपेला होडी भरली, दोर सुटला,
आणि धक्क्यावरनं एक पोरगा पळत आला,
छातीशी केकचा खोका, दोन्ही हातांनी धरलेला.
माझ्या हातात नाणं होतं.
फळीवर एकदाच ठोकलं.
मोफिझुलनं इंजिन आवरलं.
का आवरलं, त्याला विचारायचं राहिलं.
पोरानं उडी टाकली, खोका आडवा होऊ दिला नाही.
मी ओरडले, चला, सरका पुढं!
मराठीत, तोंडात दुसरं आलंच नाही.
आणि पठाण सरकला, केरळवाला सरकला,
दोन चिनी पोरी सरकल्या,
पांढऱ्या कंदुऱ्यातला एक म्हाताराही काठी उचलून सरकला.

मग दोनदा ठोकलं.